घोडी पाहावी खुरापासून वर: सारंगखेड्याच्या बाजारापासून शिंगराच्या पहिल्या मैदानापर्यंत

मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठच्या सारंगखेड्यात घोड्यांचा बाजार भरतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्याच्या या गावी एकमुखी दत्ताच्या यात्रेसाठी माणसे जमतात आणि त्याच वेळी राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश अशा दूरदूरच्या भागांतून मारवाडी आणि काठियावाडी जनावरे येऊन पोहोचतात. गेली तीस वर्षे मी एका दैनिकात साप्ताहिक सदर लिहितो आहे, आणि विषय पाण्याचा असो वा पिकाचा, डिसेंबरातला एक आठवडा मी घोड्यांसाठी राखून ठेवतो. त्या लेखानंतर येणाऱ्या पत्रांतला प्रश्न बहुधा एकच असतो: पैदाशीसाठी आणि पुढे स्पर्धेत दाखवण्यासाठी घोडी घ्यायची आहे, तर ती कशी पाहावी? त्याचे सविस्तर उत्तर येथे देतो आहे.

सर्वप्रथम एक वही घ्यावी. सदर लिहिताना मला लागलेली सवय घोड्यांच्या बाबतीत मला सर्वांत जास्त उपयोगी पडली, ती म्हणजे जे डोळ्यांनी पाहिले ते कोणाशी बोलण्याआधी लिहून काढायचे. मालकाशी बोलणे सुरू झाले, की वंशावळ, पूर्वीची बक्षिसे, मागितलेली किंमत या गोष्टी मनात शिरतात आणि मग डोळ्यांना त्याच गोष्टी दिसू लागतात. म्हणून बाजारात पहाटे जावे, जनावरे चंदी (दाण्याचा खुराक) खाऊन, खरारा होऊन, गोंडे आणि पट्टे चढवून उभी राहण्याआधी. पहिल्या दिवशी फक्त पाहावे आणि लिहावे. किंमत दुसऱ्या दिवशी विचारावी.

पाहण्याचा क्रम जमिनीपासून वर असावा. बहुतेक जण आधी तोंड पाहतात, कारण मारवाडी घोडीचे कमानदार कान आणि मोठे डोळे कोणालाही मोहात पाडतात. परंतु घोडीचे सारे वजन ज्या चार खुरांवर उभे असते, ते आधी तपासले नाहीत तर पुढचे सौंदर्य काही कामाचे नाही. समोरच्या दोन्ही खुरांचा आकार सारखा आहे का, खुराच्या बाहेरच्या भिंतीवर आडव्या वळ्या किंवा चिरा आहेत का, टाच आक्रसलेली आहे का, हे पाहावे. खूर उचलून घ्यायला लावावा आणि तळव्याचा वास घ्यावा. मधल्या मऊ त्रिकोणी भागातून काळा, कुजका वास येत असेल तर जनावर ओल्यात बांधले जाते हे समजावे. मग खुराच्या वरच्या उतरत्या सांध्याचा कोन पाहावा. हा भाग आणि खुराची पुढची भिंत एका सरळ रेषेत, बाजूने पाहता साधारण पन्नास अंशांच्या आसपास तिरकी असावी. तो भाग फारच उभा असेल तर प्रत्येक पावलाचा हादरा सांध्यांपर्यंत जातो, आणि फार आडवा असेल तर मागच्या शिरांवर ताण येतो. यानंतर घोडी सरळ रेषेत, ढिल्या दोरीवर, आधी चालत आणि मग दुडकीवर आपल्या दिशेने आणि आपल्यापासून दूर नेण्यास सांगावे. समोरचा पाय दुखत असेल तर त्या पायावर वजन पडताना डोके वर उचलले जाते. वाळूत किंवा मऊ मातीत लहानसे लंगडणे लपून जाते, म्हणून ही चाचणी कठीण जमिनीवरच घ्यावी.

माझ्या पहिल्या खरेदीत मी हा क्रम पाळला नव्हता. गळ्यावर देवमण, म्हणजे शुभ मानला जाणारा केसांचा भोवरा, असलेली, चारी पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा असलेली पंचकल्याणी घोडी दिसली आणि मी त्याच संध्याकाळी पैसे दिले. विकणाऱ्याने काही लपवले असे मी म्हणणार नाही, कारण मी काही विचारलेच नव्हते. तिचे पुढचे पाय उभे होते, दुसऱ्या वर्षी ती लंगडू लागली आणि तिच्या शिंगराचे पायही तसेच उभे निघाले. त्या शिंगराला मी मैदानात कधीच नेऊ शकलो नाही, पण त्याच्यामुळे घोडी आपल्या पोटी काय देते हे मला कायमचे कळले.

देवमण आणि इतर भोवऱ्यांबद्दलच्या परंपरेचा मी अनादर करत नाही. घोडेवाल्यांच्या कित्येक पिढ्यांनी जनावर निरखून पाहायला शिकताना या खुणांना नावे दिली, आणि अंगावरचे भोवरे ओळखपत्राच्या नोंदीत खरोखर उपयोगी पडतात, कारण प्रत्येक घोड्याचे भोवरे वेगळे असतात. परंतु शुभ-अशुभाचा निर्णय खुरांच्या तपासणीनंतर करावा. रंगाचेही तेच: कुमैत (तांबूस तपकिरी), मुश्की (काळा), सब्जा (करडा-पांढरा), अबलख (पांढऱ्या डागांचा) यांपैकी जो आवडेल तो घ्यावा, पण रंगासाठी हाडांचा दोष पदरात घेऊ नये. जातीच्या शुद्धतेसाठी मात्र कान नक्की पाहावेत. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांचे कान आत वळलेले असतात आणि चांगल्या जनावराच्या कानांची टोके एकमेकांना स्पर्श करतात. आपल्याकडच्या भीमथडी घोड्यालाही अलीकडे स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदणी मिळाली आहे. तो उंचीला लहान आणि काटक असतो. पुणे, सोलापूर, सातारा भागात मेंढपाळांच्या बिऱ्हाडाबरोबर तो आजही ओझे वाहतो, आणि त्याच्या पैदाशीकडे कोणी मनापासून वळले तर मला फार आनंद होईल.

वय दातांवरून ठरवावे. दुधाचे पुढचे दात जाऊन पक्के दात येण्याचा क्रम ठरलेला आहे: मधली जोडी अडीच वर्षांनी, तिच्या शेजारची साडेतीन वर्षांनी आणि कडेची साडेचार वर्षांनी, म्हणजे पाच वर्षांची घोडी पूर्ण तोंडाची असते. वरच्या कडेच्या दातावर एक तपकिरी खोबण साधारण दहाव्या वर्षी हिरडीपाशी दिसू लागते आणि पंधराव्या वर्षी अर्ध्या दातापर्यंत उतरते. पैदाशीसाठी पाच ते दहा वर्षांची, आधी एकदा सुखरूप व्यायलेली घोडी मला सर्वांत भरवशाची वाटते. दात पाहतानाच दावणीच्या लाकडावर दात रोवून हवा गिळण्याची खोड आहे का, हेही कळते, कारण अशा घोडीच्या वरच्या दातांची पुढची कड झिजलेली असते.

पैसे देण्याआधी पशुवैद्यकाकडून ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची रक्तचाचणी करून घ्यावी आणि तिचा निकाल हाती येईपर्यंत व्यवहार पूर्ण करू नये. हा रोग घोड्याकडून माणसाला होतो, त्याची सूचना सरकारला देणे कायद्याने बंधनकारक आहे आणि बाधित जनावर मारावे लागते. ओळखीचा माणूस आहे म्हणून ही चाचणी टाळणारे लोक मी पाहिले आहेत. मी तसे कधीही करणार नाही.

दत्तजयंतीच्या बाजारात घेतलेल्या घोडीबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्यावी. घोडीचा माज, म्हणजे ती गाभण राहू शकते तो काळ, दिवसाच्या लांबीवर अवलंबून असतो. थंडीच्या लहान दिवसांत पुष्कळ घोड्या माजावर येत नाहीत आणि दिवस मोठा होऊ लागला की चक्र सुरू होते. म्हणून डिसेंबरात आणलेली घोडी लगेच फळली (गाभण राहिली) नाही तर घाबरू नये. तिला दोन महिने नव्या पाण्याची, चाऱ्याची आणि माणसांची सवय होऊ द्यावी. पुढे माजाचे चक्र साधारण २१ दिवसांचे असते, माज ५ ते ७ दिवस टिकतो आणि अंडे माजाच्या शेवटच्या एक-दोन दिवसांत सुटते, त्यामुळे पहिल्याच दिवशी घोडा दाखवून उपयोग होत नाही. फळवल्यानंतर १४ ते १६ दिवसांनी सोनोग्राफी करून घ्यावी, कारण जुळे असेल तर ते याच वेळी कळायला हवे. घोडीत जुळी बहुतेक वेळा गर्भपाताने संपतात.

घोडा निवडताना त्याच्या फोटोवर जाऊ नये. त्याची निदान तीन-चार शिंगरे, वेगवेगळ्या माद्यांच्या पोटची, समोर उभी करून पाहावीत. आपल्या घोडीत जे कमी आहे ते त्याच्या सर्व शिंगरांत चांगले उतरले असेल तरच तो आपल्या कामाचा. दोन्हींच्या तीन पिढ्या वहीत मांडाव्यात आणि एकच नाव दोन्ही बाजूंना जवळ दिसले तर दुसरा घोडा शोधावा.

खाद्याचा हिशेब वजनावर करावा. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, त्याला खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे. घेर १७० आणि लांबी १५५ असेल तर वजन सुमारे ३७७ किलो निघते. अशा घोडीला दिवसाला साडेसात ते नऊ किलो कोरडे खाद्य लागते, आणि त्यातला मोठा वाटा गवताचा असावा. चंदी एकदम वाढवू नये. घोड्याला ओकता येत नाही, म्हणून पोटशूळ त्याच्या जिवावर बेततो.

घोडी साधारण ३४० दिवसांनी विते. सडांच्या टोकांवर चिकाचे मेणासारखे थेंब दिसू लागले, की एक-दोन रात्री जागण्याची तयारी ठेवावी, कारण घोड्या बहुधा रात्रीच, शांतता झाल्यावर वितात. त्या वेळी दूर बसावे, दिवा मंद ठेवावा आणि वहीत वेळ लिहीत राहावे. पाणमोट फुटल्यानंतर शिंगरू अर्ध्या तासात बाहेर यायला हवे. येत नसेल तर डॉक्टरांना आधीच दिलेल्या सूचनेप्रमाणे ताबडतोब बोलवावे. पांढरट पडद्याऐवजी लाल, मखमलीसारखी पिशवी आधी दिसली, तर वार (गर्भाला पोसणारे आवरण) वेळेआधी सुटली आहे असे समजून ती पिशवी तेथल्या तेथे फाडावी लागते, नाहीतर शिंगरू आतच गुदमरते. शिंगरू एका तासात उभे राहावे, दोन तासांत त्याने सड धरावेत आणि तीन तासांत वार पडावी. यांपैकी एकही गोष्ट उशिरा झाली, तर सकाळची वाट पाहू नये. पहिल्या काही तासांतला चीक म्हणजे त्याची सारी रोगप्रतिकारशक्ती असते, कारण एका दिवसानंतर आतडे ती शोषूनच घेत नाही. नाळेला डॉक्टरांनी सांगितलेले जंतुनाशक लावावे.

शिंगराचे शिक्षण पहिल्या आठवड्यापासून सुरू होते. रोज पाचच मिनिटे, आईच्या शेजारी, पाय उचलायला आणि कान-मान हाताळू द्यायला शिकवावे. दुसऱ्या महिन्यात नालबंदाला बोलवून खूर तपासून घ्यावेत, कारण वाकडा पडणारा पाय या वयातच सरळ करता येतो, आणि पुढे दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर घासून घ्यावेत. पाच-सहा महिन्यांनी आईपासून तोडताना त्याच्या सोबतीला दुसरे जनावर ठेवावे. पाठीवर मात्र तीन वर्षे पूर्ण होण्याआधी कोणी बसू नये. आदत (सगळे दुधाचे दात असलेल्या) किंवा दोन दातांच्या वर्गातल्या स्पर्धेत जनावर हातात धरूनच दाखवायचे असते, त्यामुळे घाई करण्याचे कारण नाही. त्या मैदानात त्याने चौकोनी उभे राहावे, म्हणजे चारही पायांवर सारखे वजन, मान उंच, कान पुढे. हे घरी रोज, पण थोडा वेळच करून घ्यावे; ताशे आणि ध्वनिक्षेपक यांची सवयही आठवडाभर आधी लावावी.

स्पर्धेहून परतल्यावर शिंगराला थेट दावणीला बांधू नये. इतर जनावरांपासून दूर २१ दिवस ठेवावे, त्याची बादली आणि खरारा वेगळा असावा, आणि सकाळ-संध्याकाळ ताप मोजावा. मोठ्या जनावराचे नेहमीचे तापमान ९९ ते १०१ अंश फॅरनहाइट असते. लहान शिंगराचे किंचित जास्त असते. एखाद्या सकाळी आकडा १०२ च्या वर गेला किंवा जबड्याखाली गाठ लागली, तर वहीतली आधीची पाने डॉक्टरांपुढे उघडून ठेवावीत.