डार्टिंग्टन हॉल नीट कसा बघायचा: टागोरांचा धागा धरून एक दिवस

इंग्लंडमधले आपले लोक डेव्हनला जातात ते बहुतेक समुद्रासाठी, टॉर्की, डार्टमथ वगैरे, आणि टॉटनेस गावाला लागून असलेला डार्टिंग्टन हॉल, म्हणजे मध्ययुगीन वाडा आणि त्याभोवतीची इस्टेट, राहूनच जातो. कोणी गेलंच तर अर्धा तास बागेत फोटो, एक कॉफी आणि परत. तसं गेलात तर हाती फारसं लागणार नाही हे आधीच सांगते, कारण झुंबरं, सोनेरी खुर्च्या, राण्यांची तैलचित्रं असलं इथे काही मांडून ठेवलेलं नाहीये. इथे बघायचं ते हे की बंगालमधल्या एका खेड्यात सुरू झालेलं काम इंग्लंडच्या एका पडक्या जहागिरीत कसं रुजलं आणि त्यातून नाटक, नाच, संगीत, कुंभारकाम या सगळ्याचं केंद्र कसं उभं राहिलं. त्यासाठी अख्खा दिवस काढा, आणि जायच्या आधी थोडी गोष्ट माहीत करून घ्या.

तर गोष्ट अशी. लेनर्ड एल्महर्स्ट हा यॉर्कशायरच्या एका पाद्र्याचा मुलगा, केंब्रिजला इतिहास शिकलेला. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो भारतात आला, खेड्यांची हालत बघितली आणि ठरवलं की आपल्याला शेती आली पाहिजे, म्हणून अमेरिकेत कॉर्नेलला जाऊन शेती शिकला. तिकडेच न्यूयॉर्कमध्ये रवींद्रनाथ टागोर भेटले आणि त्यांनी त्याला बोलावून घेतलं. १९२२ मध्ये शांतिनिकेतनजवळ सुरुल गावात ग्रामीण पुनर्रचनेचं केंद्र सुरू झालं, तेच पुढे श्रीनिकेतन, आणि त्याचा पहिला संचालक हा लेनर्ड. पैसा आला डोरोथी स्ट्रेट या अमेरिकन विधवा बाईंकडून, खूप श्रीमंत घरातल्या. १९२५ मध्ये दोघांनी लग्न केलं आणि त्याच वर्षी डार्टिंग्टन विकत घेतलं. डेव्हनमध्ये जागा बघ हे टागोरांनीच सुचवलेलं, ते तरुणपणी टॉर्कीला राहिले होते आणि तो हिरवा प्रदेश त्यांच्या मनात होता. नंतर १९२६ आणि १९३० मध्ये ते स्वतः इथे येऊन गेले. एवढं डोक्यात ठेवून गेलात की साध्या भिंतीसुद्धा बोलायला लागतात.

आता कसं जायचं. लंडनच्या पॅडिंग्टनवरून प्लिमथकडे जाणारी ट्रेन टॉटनेसला थांबते, साधारण तीन तास धरा, तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. गाडीने येणार असाल तर एम५ ने एक्झिटर, पुढे ए३८, मग ए३८४ ने डार्टिंग्टन. पण माझं ऐकाल तर ट्रेनने या आणि स्टेशनवरून चालत जा, डार्ट नदीच्या कडेकडेने पायवाट आहे, पाऊण तास लागेल रमतगमत. टॅक्सीने थेट वर गेलात की पहिल्यांदा हॉल दिसतो, पण चालत आलात की आधी नदी, मग कुरणं, शेतं, झाडी आणि सगळ्यात शेवटी इमारती, आणि मला वाटतं हाच खरा क्रम आहे. एल्महर्स्टांनी सुरुवात शेतीपासूनच केली होती. कोंबड्या, फळबागा, लाकडाची गिरणी, कापडाची गिरणी, सायडर, आणि १९२६ पासून मुलांची शाळा. कला म्हणजे पोट भरल्यावर करायची गोष्ट असं त्यांना वाटत नव्हतं, शेतावर आणि गिरणीत काम करणाऱ्या माणसाच्या आयुष्यात गाणं-नाटक पण हवंच हा टागोरांचा विचार, तो त्यांनी पूर्ण घेतला.

बूट चांगले घाला, डेव्हनचा चिखल काही औरच असतो. पावसाचं जॅकेट उन्हाळ्यातही ठेवा. आई-बाबा भारतातून आलेले असतील आणि गुडघ्यांचा त्रास असेल तर मात्र चालायचा हट्ट नको, त्यांना टॅक्सीने वर आणा, चौक आणि बागेची वरची बाजू दाखवा, खालच्या पायऱ्या उतरवू नका, कारण परत चढणं अवघड जातं.

वर पोचलात की चौकाच्या मधोमध उभे राहा आणि एक चक्कर नुसती नजरेने मारा. आपल्याकडच्या वाड्याचा चौक दहापट मोठा करून मध्ये हिरवळ टाकली तर कसं दिसेल, तसंच काहीसं आहे. हे बांधलं जॉन हॉलंडने, राजा दुसऱ्या रिचर्डचा सावत्र भाऊ, १३८८ च्या पुढच्या दहाबारा वर्षांत. रिचर्डची गादी गेल्यावर नव्या राजाविरुद्ध कट केला म्हणून १४०० मध्ये त्याचं डोकं उडवलं. ग्रेट हॉलमध्ये, म्हणजे वाड्याच्या मुख्य मोठ्या दालनात, शिरायच्या आधी पोर्चमध्ये थांबून वर छताकडे बघा, दगडात कोरलेलं गुलाब आणि त्यावर पांढरं हरीण दिसेल, ती रिचर्डची खूण. बहुतेक लोक सरळ आत जातात आणि हे त्यांना दिसतच नाही.

सोळाव्या शतकापासून १९२५ पर्यंत ही जागा शॅम्परनाऊन घराण्याकडे होती. त्यांच्या शेवटच्या काळात पैसे संपत गेले, ग्रेट हॉलचं छप्परही काढून टाकलेलं होतं, एल्महर्स्ट आले तेव्हा वर नुसतं आभाळ. विल्यम विअर या जुन्या वास्तूंच्या जाणकार आर्किटेक्टने ते परत उभं केलं. आत गेलात की वरचं ओकचं लाकूडकाम निवांत बघा, आणि हे लक्षात ठेवा की ते मध्ययुगातलं नाहीये, विसाव्या शतकातलं आहे, जुन्या पद्धतीने घडवलेलं. नकली म्हणून नाक मुरडणारे लोक मी बघितलेत. मला तसं वाटत नाही. पडझड तशीच ठेवून तिकीट लावण्यापेक्षा छप्पर घालून त्याखाली माणसं जमवणं जास्त मोलाचं आहे, आणि ते छप्पर झालं म्हणून पुढचं सगळं झालं.

एक अडचण अशी की ग्रेट हॉल लग्नांना आणि कार्यक्रमांना भाड्याने जातो, त्यामुळे शनिवारी गेलात आणि दार बंद असलं तर हिरमोड होतो. आधी फोन करून विचारा. शक्यतो वीकडेला जा. आणि सगळ्यात भारी म्हणजे तिथल्या एखाद्या मैफलीचं तिकीट काढा, कारण ती खोली आवाजासाठी आहे, रिकामी बघून निम्मीच कळते. विल्यम ग्लॉकने १९४८ मध्ये सुरू केलेली संगीताची समर स्कूल १९५३ पासून डार्टिंग्टनला आली, रशियन संगीतकार स्ट्राविन्स्की १९५७ ला इथे आला होता, आणि मोठे कलाकार नि हौशी गाणारे एकाच ठिकाणी शिकायचे, जेवायचे. सध्या कुठला कार्यक्रम आहे, कुठला बंद आहे हे वेबसाइटवरच बघा, गेल्या काही वर्षांत पैशांची ओढाताण असल्याने बरंच बदलतंय. बागेचं तिकीट, पार्किंग, वेळा यांचंही तसंच.

चौकातल्या बाकीच्या इमारती बघताना कोण कोण इथे राबलं ते आठवा. नाझींनी ज्यू सहकाऱ्यांना काढ म्हणून दबाव आणल्यावर जर्मनी सोडून आलेला कुर्त योस आणि त्याची बॅले कंपनी इथे राहिली. अंतोन चेखवचा पुतण्या मायकेल चेखव याने १९३६ ते १९३८ इथे अभिनयाची शाळा चालवली. बर्नार्ड लीचने इथे कुंभारकाम सुरू केलं. संगीतकार इमोजेन होल्स्ट १९४० च्या दशकात इथे शिकवत होती, आणि ती पुढे स्वतः शांतिनिकेतनला जाऊन भारतीय संगीत शिकून आली.

आणि नर्तक उदय शंकर! हा धागा सोडू नका. १९३० च्या दशकात ते इथे आले, एल्महर्स्ट कुटुंबाने त्यांच्या अल्मोड्याच्या कलाकेंद्राला पैशांची मदत केली. त्याच अल्मोड्याला गुरुदत्त नाच शिकला आणि तिथून पुढे १९४४ मध्ये पुण्याला प्रभात फिल्म कंपनीत लागला. म्हणजे डेव्हनच्या या चौकापासून पुण्याच्या प्रभातपर्यंत रेघ ओढता येते. मला तर दर वेळी अंगावर काटा येतो.

मग बाग. जेवण आधी करून घ्या, चौकातला व्हाइट हार्ट नावाचा पब उघडा असेल तर तिथे, नाहीतर डबा आणून बाहेर खा. बागेची आखणी बिअ‍ॅट्रिक्स फॅरंड या अमेरिकन बाईंनी केली आणि नंतर पर्सी केनने भर घातली. मधलं मोठं सपाट गवत आणि बाजूच्या हिरव्या पायऱ्या यांना टिल्टयार्ड म्हणतात, म्हणजे घोड्यावरून भाल्यांच्या झुंजी खेळायची जागा, पण तशा झुंजी तिथे खरंच झाल्या याला भक्कम आधार नाही, तेव्हा मुलांना सांगताना जपून. वर हेन्री मूरची पहुडलेली स्त्री आहे, १९४५-४६ ची, डार्टिंग्टनच्या कलाविभागाचा प्रमुख ख्रिस्तोफर मार्टिन याच्या स्मरणार्थ केलेली. तिच्याकडे एका बाजूने बघून निघू नका, पूर्ण फेरी मारा, मागचे डोंगर आणि तिचा खांदा एकाच रेषेत येतात ती जागा शोधा. जुन्या चर्चचा उरलेला मनोरा आणि शेजारचा यू वृक्ष पण बघा, हे झाड हजार वर्षांहून जुनं मानतात.

वेळ उरला तर इस्टेटवरचं हाय क्रॉस हाउस बाहेरून तरी बघून घ्या, १९३२ चं, विल्यम लेस्काझने शाळेच्या हेडमास्तरांसाठी बांधलेलं, पांढऱ्या-निळ्या ठोकळ्यांचं एकदम मॉडर्न घर. आत सोडतातच असं नाही.

ओल्ड पोस्टर्न नावाच्या इमारतीत १९९१ मध्ये पर्यावरणाचं शिक्षण देणारं शूमाकर कॉलेज सुरू झालं. ते सुरू करण्यात पुढाकार होता सतीश कुमार यांचा, म्हणजे तेच जे विनोबांच्या भूदान चळवळीत होते आणि १९६२ मध्ये दिल्लीहून अणुबाँबविरुद्ध पायी निघाले, खिशात पैसे न ठेवता जा हा सल्ला विनोबांचा. गागोद्यात जन्मलेल्या विनोबांचा शब्द असा फिरत फिरत डेव्हनपर्यंत पोचला. कॉलेजचे अभ्यासक्रम २०२४ मध्ये बंद केले गेले. त्याआधी डार्टिंग्टनचं कला महाविद्यालय २०१० मध्ये फालमथ या दुसऱ्या गावी गेलं, आणि त्याच वर्षी डार्टिंग्टनकडची टागोरांची १२ चित्रं लंडनला लिलावात विकली गेली, १६ लाख पाउंडांना. याचं मला मनापासून वाईट वाटतं. टागोरांचं चित्र बघायला मिळेल या आशेने जाऊ नका, म्हणून हेही सांगून ठेवते.

ज्यांना खोलात जायचंय, विशेषतः श्रीनिकेतनवर काम करणाऱ्यांनी, एक दिवस एक्झिटरला ठेवा. डार्टिंग्टनची जुनी कागदपत्रं तिथल्या डेव्हन हेरिटेज सेंटरमध्ये आहेत. आधी कॅटलॉग ऑनलाइन बघून हव्या त्या फाइल्सचे नंबर लिहून घ्या आणि ईमेल करून विचारा की त्या त्या दिवशी मिळतील का, म्हणजे तिथे गेल्यावर वेळ वाया जात नाही. आणि मुलं बरोबर असतील आणि एव्हाना कंटाळली असतील तर टॉटनेसला परतताना नदीपलीकडे वाफेच्या इंजिनाची साउथ डेव्हन रेल्वे आहे, तिच्या शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच बघून ठेवा.