छोट्या ईव्हीचा चार्जिंगचा खरा खर्च घरच्या घरी कसा काढायचा

आमच्याकडे टियागो ईव्ही, म्हणजे विजेवर चालणारी गाडी आहे, २४ किलोवॅट-अवरची बॅटरी वाली (एक किलोवॅट-अवर म्हणजे बिलातलं एक युनिट). जो भेटतो तो पहिलं हेच विचारतो की किलोमीटरला किती पडतं? कोणी ऐंशी पैसे सांगतं कोणी दोन रुपये, आणि गंमत म्हणजे दोघंही बरोबर असू शकतात, कारण गाडी तीच असली तरी घराचं वीजबिल वेगळं असतं. म्हणून दुसऱ्याचा आकडा धरू नका, आपला आपण काढा.

१. आधी मीटरवरचे युनिट मोजा. २४ ची बॅटरी म्हणजे २४ युनिट हा हिशोब चुकतो. चार्ज होताना दहा-पंधरा टक्के वीज उष्णतेत वगैरे जाते, म्हणजे रिकामी बॅटरी फुल करायला भिंतीतून २७ च्या आसपास युनिट जातात. गाडीच्या स्क्रीनवर दिसतो तो बॅटरीतून खर्च झालेला आकडा, बिल येतं भिंतीतून गेलेल्याचं. इलेक्ट्रिशियनकडून चार्जिंगच्या लाइनवर एक सबमीटर, म्हणजे फक्त गाडीचे युनिट मोजणारा छोटा मीटर, बसवून घ्या. तो येईलच तर १५ अँपिअरचा सॉकेट, वायरची जाडी आणि अर्थिंगही तपासून घ्या, कारण सात-आठ तास सलग लोड चालतो, तिथे कंजूषी नको. मंजूर भार, म्हणजे तुमच्या जोडणीवर एका वेळी किती किलोवॅट वापरता येतात, तेही बिलावर बघा.

२. एक महिना नोंद ठेवा. १०० टक्के चार्ज करून सबमीटरचं रीडिंग लिहा, ट्रिप मीटर शून्य करा, महिन्याने परत १०० टक्के करून दोन्ही आकडे घ्या. समजा ६६० किमी झाले आणि १०० युनिट गेले, म्हणजे युनिटला ६.६ किमी.

३. आता दर, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. महावितरणच्या घरगुती बिलात ०-१००, १०१-३००, ३०१-५०० आणि ५०० च्या वर असे स्लॅब आहेत, वर जाल तसा दर चढतो. बरेच जण एकूण बिलाला एकूण युनिटने भागतात आणि तो सरासरी दर गाडीला लावतात. पण पंखा, फ्रिज, टीव्ही तर गाडी यायच्या आधीपासून चालूच होते ना, स्वस्त युनिट त्यांनी आधीच खाल्लेत, गाडीचे युनिट वरून पडतात आणि वरच्या स्लॅबमध्ये जातात.

नमुन्याचे दर घेऊन बघू, तुम्ही तुमच्या बिलातले टाका. वीज आकार, वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा), इंधन समायोजन (इंधनाच्या खर्चाप्रमाणे बदलणारं) आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क असं सगळं धरून पहिल्या स्लॅबला ६, दुसऱ्याला १२, तिसऱ्याला १७ रुपये समजा. स्थिर आकार गाडी नसती तरी भरलाच असता, तो सोडा. घराचे २२० युनिट असतील तर गाडीचे ८० युनिट १२ ने आणि २० युनिट १७ ने, म्हणजे ९६० अधिक ३४०, एकूण १३०० रुपये. भागिले ६६०, किमीला १.९७ रुपये. सरासरीने काढलं असतं तर १.५८ च आला असता.

मे महिन्यात एसी लागला आणि घराचेच ३२० युनिट झाले की गाडीचे सगळे १०० युनिट १७ ने जातात, किमीला २.५८. म्हणून उन्हाळ्याचा आणि थंडीचा हिशोब वेगवेगळा काढाच.

४. बाहेरचं चार्जिंग वेगळं लिहा. तिथे दरावर १८ टक्के जीएसटी असतो. २० रुपये युनिट लिहिलं असेल तर हातात २३.६० पडतं, युनिटला ७ किमी धरले तरी किमीला ३.३७. आणि हो, एमजी कॉमेट घेणार असाल तर तिला डीसी फास्ट चार्जिंग (बाहेरच्या स्टेशनवरचं झटपट चार्जिंग) नाही, १७.३ ची बॅटरी ३.३ किलोवॅटच्या चार्जरवर फुल व्हायला सात तास जातात, त्यामुळे तिचा सगळा खर्च जवळपास घरच्याच बिलावर येतो.

५. पेट्रोलशी तुलना करताना कंपनीचं मायलेज नको, शहरातलं खरं घ्या. लिटरला १५ किमी आणि पेट्रोल १०५ धरलं तर किमीला ७ रुपये. मे महिन्याचा महागडा आकडा घेतला तरी ईव्ही निम्म्याच्या खाली राहते.

६. घराचा वापर आधीच ३०० च्या वर असेल तर दोन गोष्टींची चौकशी करा. एक, ईव्ही चार्जिंगसाठी वेगळं मीटर, त्याच्या दरात घरगुतीसारखे चढते स्लॅब नाहीत, पण त्याचा स्थिर आकार धरूनच तुलना करा. दुसरं छतावरचं सोलर, पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये केंद्राचं अनुदान आहे. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे सोलरची वीज तुमच्या वापरातून वजा होते तेव्हा, आधी तुमचे सगळ्यात महागडे वरचे युनिट कापले जातात, म्हणजे नेमके गाडीचेच. फ्लॅटमध्ये असाल तर छतासाठी सोसायटीशी आधी बोलून घ्या, आमच्याकडे तेवढ्यातच चार महिने गेले.