बफेलोतील लेक इफेक्ट हिमवादळ : घरात चार दिवस निभावण्याची तयारी

न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, ईरी सरोवराच्या पूर्व काठावर बफेलो शहर वसले आहे. नोकरीसाठी किंवा विद्यापीठातील शिक्षणासाठी तेथे जाणाऱ्या मराठी माणसाला थंडीची धास्ती आधीपासूनच घातलेली असते, त्यामुळे जाड कोट, बूट आणि हातमोजे तो बरोबर घेऊनच जातो. लेक इफेक्ट वादळात, म्हणजे सरोवराच्या वाफेतून बनणाऱ्या हिमवादळात, मात्र थंडीहूनही मोठी अडचण अशी होते की रस्त्यावरून कोणतेच वाहन जाऊ शकत नाही, आणि त्यात रुग्णवाहिका, अग्निशमन दलाचे बंब व बर्फ हटवणारी यंत्रेही आली. डिसेंबर २०२२ च्या नाताळात आलेल्या वादळात मदतीला निघालेली वाहनेच बर्फात रुतून बसली आणि ईरी काउंटीत (बफेलो ज्या जिल्ह्यात येते तेथे) ४० हून अधिक माणसे दगावली. काही गाडीत अडकून, काही रस्त्यावर, काही घर गार पडल्याने, तर काही वैद्यकीय मदत वेळेवर न पोहोचल्याने गेली. त्यामुळे तयारीला बसताना एकच प्रश्न पुढे ठेवावा : चार दिवस आपल्या दारात कोणीच येऊ शकले नाही, तर या घरात काय कमी पडेल?

अंदाज कसा वाचावा

शरद ऋतूच्या अखेरीस सरोवराचे पाणी अजून उबदार असते आणि त्यावरून कॅनडाकडची कोरडी, गार हवा वाहू लागते. पाण्याचा पृष्ठभाग आणि सुमारे दीड किलोमीटर उंचीवरची हवा यांच्या तापमानात १३ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त तफावत पडली की पाण्याची वाफ वेगाने वर चढते, तिचे ढग बनतात आणि किनारा लागताच ते बर्फ ओतू लागतात. ईरी सरोवर नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे सुमारे ३९० किलोमीटर लांब पसरलेले आहे. वारा नेमका या लांबीच्या दिशेने वाहिला, तर साऱ्या सरोवराची वाफ गोळा करून तो बफेलोवर आणून टाकतो. या ढगांचा पट्टा बहुधा अरुंद, जेमतेम १५ ते ३० किलोमीटर रुंद असतो. पट्ट्याच्या आत तासाला ५ ते १० सेंटिमीटर बर्फ पडतो, कधी कधी त्यात विजाही कडाडतात, आणि पट्ट्याबाहेरच्या वस्तीत त्याच वेळी ऊन पडलेले असते. नोव्हेंबर २०१४ मध्ये शहराच्या दक्षिणेकडील उपनगरांत दीड मीटरहून जास्त बर्फ साचला, तर उत्तर बफेलोत काही इंचांवरच भागले. नोव्हेंबर २०२२ मध्ये हॅम्बर्ग आणि ऑर्चर्ड पार्क या दक्षिणेकडील उपनगरांत सुमारे ८० इंच, म्हणजे दोन मीटर बर्फ पडला आणि बफेलो बिल्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा घरचा सामना डेट्रॉइटला हलवावा लागला.

म्हणूनच ‘बफेलोत बर्फ पडणार’ एवढ्या बातमीवर विसंबू नये. राष्ट्रीय हवामान सेवेच्या बफेलो कार्यालयाचा अंदाज वाचताना आपल्या गावाचे नाव आणि वाऱ्याची दिशा या दोन गोष्टी पाहाव्यात. वारा नैर्ऋत्येचा असेल तर पट्टा शहरावर येतो आणि पश्चिमेकडे वळला तर दक्षिणेकडील उपनगरांवर सरकतो. दिशेतील थोड्याशा फरकानेही पट्टा हलतो, त्यामुळे सकाळी मोकळे दिसणारे आकाश संध्याकाळची हमी देत नाही. ‘वॉच’ (वादळाच्या शक्यतेचा इशारा) जाहीर झाला की वाणसामान आणि औषधे आणावीत. ‘वॉर्निंग’ (वादळ येणारच असा इशारा) जाहीर होईपर्यंत दुकानांत रांगा लागलेल्या असतात. ‘ब्लिझर्ड वॉर्निंग’ हा वादळी वारा व बर्फाचा इशारा सर्वांत गंभीर समजावा. त्याचा अर्थ असा की ताशी सुमारे ५६ किलोमीटर किंवा अधिक वेगाचा वारा असेल आणि किमान तीन तास ४०० मीटरपलीकडचे काही दिसणार नाही. १९७७ च्या जानेवारीतील कुप्रसिद्ध वादळात नवा बर्फ फार पडलाच नव्हता. गोठलेल्या सरोवरावर साचलेला भुसभुशीत बर्फ वाऱ्याने उचलून शहरात आणला होता.

प्रवासबंदीची वाट पाहत बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. २३ डिसेंबर २०२२ रोजी बंदी लागू झाली तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि असंख्य माणसे कामावर निघून गेली होती. ब्लिझर्डचा इशारा असेल तर आदल्या दिवशीच वरिष्ठांशी बोलून सुट्टी किंवा घरून काम ठरवून घ्यावे. हातावर पोट असणाऱ्याला हे जड जाते हे खरे, पण तरीही.

घरात काय असावे

घर गॅसच्या फर्नेसवर तापत असले तरी तिचा पंखा आणि नियंत्रक विजेवर चालतात, हे नव्याने आलेल्यांच्या सहसा लक्षात येत नाही. वीज गेली की गॅस असूनही घर गार पडू लागते. स्वयंपाकाची शेगडी विजेची किंवा इंडक्शनची असेल तर तीही बंद पडते. गॅसची शेगडी असल्यास वरचा बर्नर बहुधा काडेपेटीने पेटवता येतो, म्हणून घरात काडेपेटी हवीच, कारण आपल्याकडच्या लायटरची सवय तिथे कामी येईलच असे नाही. तेव्हा किराणा भरताना न शिजवता खाता येईल असेच पदार्थ जास्त घ्यावेत. मराठी घराला यासाठी नवे काही शिकावे लागत नाही : चिवडा, शेंगदाण्याचे लाडू, खाकरे, गूळ, सुका मेवा, डबाबंद छोले आणि दूध पावडर एवढ्यावर दोन दिवस निघतात. दडपे पोहे तर चुलीवाचून होतात. पातळ पोह्यांत बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो, ओले खोबरे, मीठ, साखर आणि लिंबाचा रस कालवून पातेल्यावर झाकण दडपून अर्धा तास ठेवले की झाले. फोडणी नसली तरी चालते. फ्रीजरमधल्या खोबऱ्याचे पाकीट मात्र आधीच बाहेर काढून ठेवावे. वीज गेल्यावर फ्रीज उगाच उघडू नये. दार बंद राहिले तर फ्रीजमधले अन्न सुमारे चार तास आणि गच्च भरलेल्या फ्रीजरमधले सुमारे दोन दिवस टिकते.

माणशी रोज चार लिटर पिण्याचे पाणी साठवावे आणि टब भरून ठेवावा, म्हणजे शौचालयासाठी पाणी राहते. विहिरीच्या पंपावर पाणी घेणाऱ्या ग्रामीण घरांनी हे विसरू नये. रोजची औषधे किमान आठवडाभराची असावीत. इन्शुलिन गोठले तर निकामी होते, म्हणून ते खिडकीच्या कट्ट्यावर ठेवू नये. घरात डायलिसिसवर किंवा ऑक्सिजन यंत्रावर असलेला रुग्ण असेल, तर वादळाच्या आधीच डॉक्टरांशी बोलून सोय लावावी. प्रसंगी पट्ट्याबाहेरच्या नातेवाइकाकडे मुक्काम हलवणेच शहाणपणाचे. पॉवर बँका भरून ठेवाव्यात आणि मेणबत्तीऐवजी बॅटरी वापरावी, कारण आग लागली तर बंब येणार नाही. देवघरातील समईलाही हाच नियम लागू आहे.

ऊब, हवा आणि नळ

कडाक्याच्या थंडीत कोळशाची शेगडी घरात आणण्याचा मोह आपल्याला होतो. गावाकडच्या कौलारू घरात फटींतून हवा खेळती असते, त्यामुळे ते खपून जाते. येथील घरे मात्र हवाबंद बांधलेली असतात. कोळसा, बार्बेक्यू, कॅम्पिंगचा स्टोव्ह, ऊब यावी म्हणून चालू ठेवलेला गॅसचा ओव्हन किंवा गॅरेजमधला जनरेटर, या सगळ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्याला ना रंग ना वास. डोके दुखणे, मळमळणे, गुंगी येणे एवढीच पूर्वसूचना मिळते आणि झोपेत असलेल्या माणसाला तीही मिळत नाही. जनरेटर घराबाहेर, दारे-खिडक्यांपासून किमान सहा मीटर दूर ठेवावा. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म झोपण्याच्या खोलीजवळ असावा आणि त्याची बॅटरी ऑक्टोबरातच तपासून घ्यावी.

एक गोष्ट घराभोवती फिरून आधीच पाहून ठेवावी. नव्या पद्धतीच्या फर्नेसला धुराडे नसते. तिचे पांढरे प्लास्टिकचे दोन नळ बाजूच्या भिंतीतून, कधी जमिनीपासून हातभर उंचीवर, बाहेर निघतात. एकातून हवा आत येते आणि दुसऱ्यातून जळालेला वायू बाहेर जातो. वाऱ्याने भिंतीशी बर्फाचा ढीग रचला की ही तोंडे बुजतात. मग फर्नेस बंद पडते किंवा विषारी वायू घरातच साचतो. वादळात दर काही तासांनी ही तोंडे हाताने मोकळी करावीत. गॅसच्या मीटरवरचा बर्फ झाडूने हलकेच काढावा, तेथे फावडे चालवू नये. बाहेर उघडणारे दारही असेच अधूनमधून ढकलून मोकळे ठेवावे. दोन तास दुर्लक्ष झाले की ते आतून हलत नाही.

वीज गेल्यास सर्वांनी एकाच खोलीत, शक्यतो दक्षिणेकडच्या, मुक्काम करावा, दाराखालची फट टॉवेलने बुजवावी आणि खिडक्यांना गोधड्या लावाव्यात. बाहेरच्या भिंतीलगतचा नळ बारीक धारेने चालू ठेवावा आणि सिंकखालच्या कपाटाची दारे उघडी ठेवावीत, म्हणजे घरातली ऊब नळापर्यंत पोहोचते आणि पाणी गोठून नळ फुटत नाही. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक असावे. भाड्याच्या घरात राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी घरमालकाला विचारून घ्यावे.

बाहेर पडणे भागच असेल तर

गाडी काढायची वेळ आलीच, तर टाकी अर्ध्याहून रिकामी नसावी आणि डिक्कीत घोंगडी, लहान फावडे, बॅटरी, पाणी, खाऊ व चाकांखाली टाकायला वाळूची पिशवी असावी. अडकल्यास गाडी सोडून चालत निघू नये. पांढऱ्या अंधारात पन्नास पावलांवरचे घरही सापडत नाही, आणि शोधणाऱ्याला माणसापेक्षा गाडी लवकर दिसते. तासातून सुमारे दहा मिनिटे इंजिन चालू करावे, पण त्याआधी प्रत्येक वेळी उतरून सायलेन्सरचे तोंड बर्फातून मोकळे करावे आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर खाली घ्यावी. आरशाला किंवा अँटेनाला रंगीत ओढणी बांधावी. जिवावर बेतले असेल तर ९११ वर फोन करावा. महापालिकेच्या इतर कामांसाठी बफेलोत ३११ हा क्रमांक आहे. तातडीची लाइन अशा कामांनी अडवू नये.

अंगाशी सुती कपडा नको, तो घामाने भिजला की ऊब शोषून घेतो. आत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर, त्यावर स्वेटर आणि सर्वांत बाहेर वारा अडवणारा कोट असावा. कुडकुडणे थांबून माणूस अडखळत किंवा असंबद्ध बोलू लागला, तर शरीराचे तापमान धोकादायक उतरले आहे असे समजावे. ओले कपडे काढून आधी छाती व पोट उबदार करावे, आणि पूर्ण शुद्धीवर असेल तरच कोमट गोड पेय द्यावे. पांढरी, बधिर पडलेली बोटे चोळू नयेत आणि शेकोटीवर धरू नयेत. सोसेल अशा कोमट पाण्यात बुडवावीत, मात्र ती पुन्हा गोठणार नाहीत याची खात्री असेल तरच. १९८५ च्या वादळात तत्कालीन महापौर जिमी ग्रिफिन यांनी लोकांना बिअर घेऊन घरात बसण्याचा आणि टीव्हीवर फुटबॉलचा सामना पाहण्याचा सल्ला दिला होता. बफेलोकर तो आजही हसत सांगतात. घरात बसणे आणि सामना पाहणे शब्दशः पाळावे. पण गारठलेल्या माणसाला मद्य देऊ नये, त्याने वरवर ऊब वाटते आणि आतली उष्णता निघून जाते.

वादळ सरल्यावर

बर्फ उपसताना हृदयविकाराचा झटका येऊन दरवर्षी माणसे दगावतात, आणि ती सगळी म्हातारी नसतात. फावडे अर्धेच भरावे, शक्य तेथे बर्फ उचलण्याऐवजी ढकलावा आणि पंधरा-वीस मिनिटांनी आत येऊन बसावे. छातीत दुखले, जबडा किंवा डावा हात भरून आला, तर काम तिथेच थांबवावे. सरोवरावरून येणारा बर्फ बहुतेकदा हलका असतो, पण रस्ता साफ करणारे यंत्र गाडीवाटेच्या तोंडाशी जो बांध रचून जाते तो दगडासारखा जड होतो. तो शेजाऱ्यांनी मिळून फोडावा. घराजवळचा अग्निशमनाचा हायड्रंट मोकळा करावा आणि एकटे राहणाऱ्या वृद्ध शेजाऱ्यांच्या दारावर थाप मारावी.

छपरावर चढू नये. लांब दांड्याच्या रेकने जमिनीवर उभे राहून कडेचा बर्फ ओढून काढावा. लेक इफेक्ट वादळामागून अनेकदा उबदार हवा आणि पाऊस येतो, आणि मग साचलेला बर्फ एकदम वितळून तळघरात पाणी शिरते. म्हणून तळघरातील पंपाचा बाहेर निघणारा नळ कुठे उघडतो ते पाहून त्याचे तोंड, तसेच घरासमोरच्या गटाराची जाळी, पारा वर चढण्याआधीच खणून मोकळी करावी आणि तळघरातील खोके, पुस्तके व तांदळाची पोती फळीवर चढवून ठेवावीत.