‘तुमची काय तयारी आहे?’: शिक्षकाच्या पहिल्या मुलाखतीला जाताना

बी.एड.च्या दोन वर्षांत पाठ टाचण कसं काढायचं ते शिकवतात. मुलाखतीत कुठल्या शब्दाचा अर्थ काय, ते नाही शिकवत. माझी पहिली मुलाखत सांगली जिल्ह्यातल्या एका संस्थेत. वेळ दहाची, आत घेतलं अडीचला. संस्थाचालकांनी फाइल चाळली, मिटली आणि विचारलं, “मॅडम, तुमची काय तयारी आहे?” मी पिशवीतून टाचणं काढून पुढे ठेवली. “सहावीचे अपूर्णांक आणि आठवीचं बल व दाब, दोन्हीची तयारी आहे, सर.” चौघंही हसले. बाहेर येऊन बाबांना सांगितलं, तर ते बराच वेळ गाडीची किल्ली चाचपत राहिले. मग म्हणाले, “अगं, पैशाचं विचारत होते ते.”

तर पहिलं काम हे. तयारी, संस्थेला मदत, इमारत निधी, ‘घरी कोण कोण असतं, शेती किती’ हे शब्द कानावर आले की सरळ विचारा, “म्हणजे नेमकं काय, सर?” हा प्रश्न नम्रपणे विचारला तरी समोरचा चुळबुळतो. ‘घरी विचारून सांगते’ म्हणू नका, त्याचा अर्थ होकारच धरला जातो.

आता मुलाखतीत घेऊन दाखवायच्या नमुना पाठाचं. पंधरा मिनिटं सांगतात आणि सहाव्या मिनिटाला “पुरे” म्हणतात. समोर मुलं असतीलच असं नाही. मला एकदाच मिळाली, एरवी समितीच मुलं. ‘आज आपण शिकणार आहोत’ने सुरुवात केली तर तीन मिनिटं तिथेच जातात. पहिल्याच मिनिटाला प्रश्न टाका आणि हातात एखादी वस्तू ठेवा. मी तीन मीटर सुतळी न्यायचे. “अर्ध्या-अर्ध्या मीटरचे तुकडे केले तर किती होतील?” एका ठिकाणी अध्यक्ष ठणकावून म्हणाले, “दीड!” मुख्याध्यापक छताकडे बघायला लागले. मी कात्री अध्यक्षांच्याच हातात दिली. सहा तुकडे टेबलावर पडले तेव्हा तेच म्हणाले, “म्हणजे भागाकार करूनही वाढतं की हो!” नोकरी तिथेही मिळाली नाही, पण तो पाठ मी आजही तसाच घेते.

खडू आपले आपण न्या, पांढरे-रंगीत दोन्ही, शिवाय एक मार्कर. एका शाळेत फळा इतका गुळगुळीत होता की खडू नुसता घसरत होता, आणि ‘फळालेखन कमकुवत’ हा शेरा माझ्या नावावर!

मुलींना एक प्रश्न हमखास: “लग्न कधी?” मी आधी लाजायचे, नंतर चिडायचे. दोन्हीचा उपयोग शून्य. चौथ्या मुलाखतीपासून ठरवून टाकलं: “सर, घेतलेला वर्ग वार्षिक परीक्षा होईपर्यंत सोडणार नाही.” त्यांना जे खरं विचारायचं असतं त्याचं उत्तर मिळतं आणि विषय मिटतो. “कुठले तुम्ही? आडनाव इकडचं वाटत नाही,” यालाही गावाचं नाव सांगून थांबायचं. पुढचं ते काय शोधताहेत ते आपल्याला कळतं, पुरवायची गरज नाही.

मूळ कागदपत्रं दाखवायची, द्यायची नाहीत. “ऑफिसात जमा करा, रुजू झाल्यावर बघू,” असं मला दोनदा सांगितलं. गुणपत्रक त्यांच्या कपाटात आणि आपण दुसऱ्या मुलाखतीला हात हलवत, असं माझ्या मैत्रिणीचं झालं. साक्षांकित प्रतींचे चार संच वेगळे ठेवा.

पगाराचा आकडा तोंडी ऐकून निघू नका. अनुदानित शाळेत पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून, म्हणजे पूर्ण पगाराऐवजी ठरावीक मानधनावर, काढावी लागतात. मानधन २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० रुपये. विनाअनुदानित, स्वयंअर्थसहाय्यित शाळेत मात्र ‘सही एवढ्यावर, हातात एवढे’ हा प्रकार चालतो. म्हणून विचारा: पैसे बँकेत की रोख? मे महिन्याचे मिळणार का? नियुक्तीपत्र कधी? खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली आहे, त्यात नेमणूक लेखीच द्यायची आहे. हे तिथे ऐकवायला जाऊ नका, आपल्याला माहीत असलं की प्रश्न विचारताना आवाज कापत नाही, एवढंच.

आणि जागा आधीच ठरलेली असली तर? ओळखू येतं. एका उमेदवाराला क्लार्क नावाने हाक मारतो, चहा त्यालाच आधी. तरीही पाठ पूर्ण घ्या, सरावाला फळा फुकट मिळतोय.

सात मुलाखती दिल्या. मधल्या काळात सकाळी क्लास घेऊन रात्री टेटचा, म्हणजे शिक्षक भरतीसाठीच्या अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीचा (TAIT), अभ्यास चालू ठेवला: दोनशे प्रश्न, दोन तास, त्यातले १२० गुण अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे. पवित्र पोर्टलवर, म्हणजे राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावर, ‘मुलाखतीसह’ आणि ‘मुलाखतीशिवाय’ असे दोन प्रकार असतात. माझं नाव लागलं ते ‘मुलाखतीशिवाय’च्या यादीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत. रुजू व्हायला गेले तेव्हा केंद्रप्रमुखांनी विचारलं, “मॅडम, सहावी देऊ का? तयारी आहे ना?” मी क्षणभर बाबांकडे बघितलं.