दबा धरणारी फौज: कुठे मारते, कुठे मार खाते

मिनी म्हणजे छोट्या पुतळ्यांनी टेबलावर खेळायच्या युद्धखेळात छापेमार फौज म्हटलं की कोल्हापूरकराला आधी घोडखिंड आठवते. पन्हाळा हाकेवर, साहजिकच आहे. पण १३ जुलै १६६०ची ती लढाई वाट अडवून धरण्याची होती, बाजीप्रभू लपून बसले नव्हते. टेबलावर दबा धरायचा तर नमुना १६६१च्या उंबरखिंडीचा घ्या: कारतलबखान अरुंद वाटेत पुरता अडकला, मग घाव.

इथे ६ बाय ४ फुटांचं टेबल आणि वॉरहॅमर ४०,०००सारखा नियम धरला आहे. राखीव युनिट, म्हणजे सुरुवातीला टेबलाबाहेर ठेवलेली तुकडी, शत्रूपासून ९ इंचांहून लांब उतरतं, मग दोन फाशांवर चार्ज, म्हणजे धावून भिडणं. बेरीज ९ किंवा जास्त पडायला ३६ पैकी १० शक्यता, म्हणजे जेमतेम २८ टक्के. फसल्यावर दोन्ही फासे पुन्हा टाकता येत असतील तर ४८. चार्जला १ अधिक मिळत असेल तर ४२. तेव्हा ‘उतरलो की भिडलो’ या भरवशावर डाव लावू नका. उतरणाऱ्यांत निदान निम्म्यांकडे बंदुका हव्यात, चार्ज फसला तरी टर्न वाया जात नाही.

फायदा उतरण्याआधीच सुरू होतो. तोफा सांभाळायला समोरच्याला माणसं मागे ठेवावी लागतात, तेवढी आघाडी पातळ.

दुखणं मोजून घ्या. दोन्हीकडे २००० गुणांची फौज असलेल्या डावात १००० गुणांचे राखीव ठेवले, तर टेबलावरचे १००० एक-दोन टर्न दुपटीशी गाठ घेतात. त्यांना लढवू नका. स्वस्त, चिवट युनिट घ्या, भिंतीआड ठेवा, एखादं उद्दिष्ट (ताब्यात ठेवायची जागा) धरून बसवा. आणि राखीव सगळे एकाच टर्नला, टेबलाच्या एकाच बाजूला उतरवा. दर टर्नला एक असे थेंबथेंब आले की एकेकटे मरतात. नवशिक्यांचे बहुतेक डाव इथेच जातात.

जाणता गडी तुम्हाला उतरूच देत नाही. दोन मिनींमध्ये १८ इंचांपर्यंत मोकळी जागा असली, तरी त्या रेषेवर कुणाला पाय ठेवता येत नाही. अंतर १५ इंच केलं की रेषेच्या मागेपुढेही फट उरत नाही, आणि ७२ इंचांची मागची कड पाच मिनींत बंद होते. म्हणून पहिल्या टर्नची गोळाबारी तोफांवर उधळू नका. या पाचातले शेजारी-शेजारी उभे असलेले दोन उडवा, दार तिथेच उघडतं.

छुप्या खुणांचे नियम असतील, म्हणजे युनिटऐवजी टेबलावर पालथी खूण ठेवायची असेल, तर कॅरमच्या सोंगट्या उत्तम: एकाच रंगाच्या नऊ, खाली आकड्याचं स्टिकर, त्यांतल्या तीन पोकळ, म्हणजे नुसती हूल, मागे युनिट नाही. पुठ्ठ्याच्या चकत्या जुलैच्या दमट हवेत वाकतात, आणि कोणती वाकलीय हे समोरचा दुसऱ्या डावात बरोबर ओळखतो.