डिसफेजिया की डिसफेशिया? असं सोडवलं

बेळगावात टिळकवाडीत घरून मी डॉक्टरांचं डिक्टेशन टाइप करते. परवा एका फाइलमध्ये ‘डिसफेजिया’ की ‘डिसफेशिया’, काही केल्या कळेना. मागे पंख्याची घरघर. पहिल्यात गिळायला त्रास, दुसऱ्यात बोलायला. वेग कमी करून ऐकलं, तरी तेच. मग तो शब्द सोडून पुढे गेले: ‘घास छातीत अडकतो, एंडोस्कोपी करा.’ म्हणजे डिसफेजियाच!

डोस मात्र संदर्भावरून कधीच ठरवायचा नाही. ‘फिफ्टीन’ की ‘फिफ्टी’ अशी शंका आली की मी जागा रिकामी सोडते, तिथला मिनिट-सेकंद लिहिते आणि थेट डॉक्टरांना विचारते. ते वैतागले तरी चालेल. खानापूरच्या खेड्यातला पेशंट पुढच्या दवाखान्यात तोच कागद दाखवणार असतो.