गोव्याच्या पावसात बाहेरची भिंत कोरडी कशी ठेवावी : पाणी निथळवणारे आवरण बसवण्याची पद्धत

मे महिना सरत आला की गोव्यातल्या गावोगावी नैर्ऋत्येकडच्या भिंतींवर काहीतरी चढू लागते. पूर्वी माडाची चुडते विणून केलेली मल्लां लावत असत. आता बहुतेक ठिकाणी निळे प्लॅस्टिक दिसते, आणि शहरांतल्या इमारतींवर सबंध उंचीचे रंगीत पत्रे. यांपैकी मल्लां आणि पत्रे आपले काम नीट करतात, कारण त्यांच्या मागे वारा खेळतो आणि आत शिरलेले पाणी ओघळून खाली जाते. भिंतीला घट्ट ठोकलेल्या प्लॅस्टिकचे मात्र तसे नसते. आमच्या घरी एका वर्षी पश्चिमेची भिंत अशीच प्लॅस्टिकने झाकली होती. चवथीच्या सुमारास ते काढले तेव्हा मागचा गिलावा काळ्या बुरशीने भरला होता आणि खोलीतला कुबट वास दिवाळीपर्यंत गेला नाही. पाऊस बाहेर अडला होता, पण खिळ्यांच्या भोकांतून शिरलेले थोडेसे पाणी बाहेर पडायला वाटच उरली नव्हती.

पाणी निथळवणारे आवरण, म्हणजे बाजारात ज्याला ड्रेनेबल हाउसरॅप म्हणतात ते, नेमकी ही वाट करून देते. हे पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रोपिलीनच्या तंतूंचे कापडासारखे आवरण असून त्यातून पाण्याचा थेंब आत जात नाही, परंतु बाष्प जाऊ शकते. साधे हाउसरॅप गुळगुळीत असते आणि त्यावर फळी किंवा बोर्ड टेकवून बसवला की दोन्हींच्या मध्ये पाणी धरून राहते; ओली केळीची दोन पाने एकमेकांना चिकटल्यावर त्यांच्यातले पाणी जसे उतरत नाही, तसेच. निथळवणाऱ्या आवरणाला उभ्या सुरकुत्या, उंचवटे किंवा जाळीदार थर असतो. त्यामुळे एक-दोन मिलिमीटरची, काही प्रकारांत त्याहून जास्त, फट राहते आणि पाणी स्वतःच्या वजनाने खाली उतरते.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हँकुव्हरच्या परिसरात १९८० आणि १९९० च्या दशकांत बांधलेल्या अनेक निवासी इमारतींच्या भिंती आतून कुजल्या, आणि १९९८ मध्ये त्याची चौकशी करायला बॅरेट आयोग नेमावा लागला. बाहेरचा गिलावा पाणी पूर्णपणे अडवील अशा भरवशावर त्या भिंती रचलेल्या होत्या आणि आत शिरलेल्या पाण्याला उतरायला पोकळी नव्हती. पुढे त्या भागात बाह्य आच्छादनामागे, म्हणजे फळ्या, बोर्ड किंवा पत्र्यांच्या बाहेरच्या थरामागे, किमान १० मिलिमीटरची पोकळी ठेवण्याची पद्धत नियमात आली. गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि सत्तरी-सांग्यासारख्या घाटालगतच्या भागांत त्याहूनही अधिक. म्हणून येथे नुसत्या सुरकुतलेल्या आवरणावर विसंबू नये. आवरणावर उभ्या रिपा मारून खरी पोकळी ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. खर्च थोडा वाढतो, पण आच्छादन उतरवून दुरुस्ती करण्याचा खर्च त्याच्या कितीतरी पट असतो.

काम हाती घेण्यापूर्वी आपल्या भिंतीला याची गरज आहे का, हे ठरवावे. बाहेरून उघडी असलेली किंवा चुन्याचा गिलावा केलेली चिऱ्यांची जाड भिंत भिजते आणि पुन्हा सुकते. तिला लांब वळचण, बाल्कांव (दारापुढची बसायची ओसरी) आणि शाबूत गिलावा पुरतो. आवरण लागते ते दोन ठिकाणी. लोखंडी किंवा लाकडी चौकटीवर बोर्ड मारून केलेली खोली (गच्चीवर वाढवलेली, किंवा बागेतली कॉटेज) ही एक जागा. आणि झडीच्या बाजूच्या जुन्या भिंतीवर फळ्या, सिमेंट बोर्ड, पत्रे किंवा दगडी लाद्यांचे आच्छादन करायचे असेल, ती दुसरी. ओल जोत्यापासून सुमारे एक मीटर उंचीपर्यंतच असेल आणि तिथे पांढरा लोणा (क्षारांचा थर) दिसत असेल, तर ती जमिनीतून चढलेली ओल समजावी. तिला हे आवरण काहीही करू शकत नाही. न्हाणीघराच्या मागे वर्षभर ओल राहत असेल तर आधी प्लंबरला बोलवावे.

पावसाळ्यात भिजलेली भिंत लगेच झाकू नये. ऑक्टोबरात पाऊस ओसरल्यावर सैल झालेला गिलावा खरवडून काढावा, भेगा भराव्यात आणि भिंत निदान डिसेंबरअखेरपर्यंत उघडी ठेवावी. ती सुकली की नाही हे पाहण्याची सोपी युक्ती अशी : हातभर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करावा आणि दुसऱ्या दिवशी पाहावा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला दव जमले असेल किंवा गिलावा काळपट दिसत असेल तर आणखी थांबावे. जानेवारी ते एप्रिल हा या कामाचा खरा हंगाम. घरोघरी पुरुमेंताची (पावसाळ्याच्या बेगमीची) आणि शाकारणीची धांदल सुरू होते तेव्हा मेस्त, म्हणजे कारागीर, मिळणे कठीण असते, आणि मेच्या मध्यानंतर वळिवाचा भरवसा नसतो.

आवरण निवडताना वेष्टनावरच्या तीन गोष्टी वाचाव्यात : बाष्प जाऊ देण्याचे प्रमाण, पाणी निथळण्याची चाचणी झाली आहे की नाही, आणि उघड्या उन्हात ते किती दिवस टिकते. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी हे तंतू ठिसूळ होतात, म्हणून दिलेली मुदत कितीही मोठी असली तरी येथल्या उन्हात आवरण लावून झाल्यावर आच्छादनाचे काम लांबवू नये. भोके पाडलेले स्वस्त प्रकार झडीच्या बाजूला टाळावेत. खिळे आणि स्क्रू किनारपट्टीवर ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत. खाऱ्या वाऱ्यात जस्ताच्या साध्या मुलाम्याचे खिळे गंजतात आणि गंजलेल्या खिळ्याचे भोक मोठे होत जाते. आवरणाची चिकटपट्टी त्याच उत्पादकाची घ्यावी. पॅकिंगची तपकिरी पट्टी एका पावसातही टिकत नाही.

लावण्याची सुरुवात नेहमी खालून करावी. जोत्याच्या वर, जमिनीपासून किमान २०० मिलिमीटर उंचीवर, ओळंबा आणि पातळीनळी वापरून एक आडवी रेघ मारावी आणि तिथे बाहेर झुकलेल्या कडेची गंज न चढणारी पत्र्याची पट्टी बसवावी. एवढे अंतर जमिनीवरून उडणाऱ्या शिंतोड्यांसाठी आहे, आणि तितकेच वाळवीसाठीही. तिची मातीची वाट दिसायला जागा मोकळी हवी. मग आवरणाचा पहिला पट्टा कोपऱ्यापासून थोडा आत धरून उलगडत न्यावा आणि त्याची खालची कड त्या पत्र्यावर बाहेरून येऊ द्यावी. छापील बाजू बाहेर आणि सुरकुत्या उभ्या असाव्यात. गुंडाळी आडवी उलगडली तरी सुरकुत्या उभ्या राहतील असाच बहुतेक माल येतो, पण एकदा खात्री करून घ्यावी, कारण आडव्या सुरकुतीत पाणी साचते.

वरचा पट्टा खालच्या पट्ट्यावर किमान १५० मिलिमीटर यावा. छपरावर नळे घालताना वरचा नळा खालच्यावर येतो, तोच हा नियम. मेस्ताला एवढे सांगितले की पुरते, आणि तरीही काम चालू असताना शेजारी उभे राहावे, कारण एक पट्टा उलटा बसला तर वरून आलेले सगळे पाणी त्या जोडातून भिंतीत जाते. उभे जोड १५० ते ३०० मिलिमीटरचे ठेवावेत, एकाखाली एक आणू नयेत, आणि कोपऱ्यावर आवरण न कापता वळवून पुढे न्यावे. बोर्डाच्या चौकटीवर रुंद टोपीचे खिळे चौकटीच्या खांबांतच ठोकावेत. चिऱ्याच्या किंवा विटांच्या भिंतीवर आवरण तात्पुरते चिकटपट्टीने धरून ठेवावे आणि रिपांच्या स्क्रूंनीच पक्के करावे, म्हणजे भोके कमी पडतात. भोक पाडताना चिऱ्याच्या पोकळ, मातीच्या ठिकाणी ड्रिल लागले तर प्लग धरत नाही. दोन इंच सरकून दुसरे भोक घ्यावे आणि पहिले आवरणासकट बंद करावे.

बहुतेक गळती खिडकीपाशी होते, तेव्हा सर्वांत जास्त वेळ तिथे द्यावा. क्रम असा : आधी खिडकीचा तळ, मग दोन्ही बाजू, शेवटी माथा. तळाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार करून घ्यावा आणि त्यावर लवचीक जलरोधक पट्टी किंवा पत्र्याची तबकडीसारखी पन्हळ बसवावी. तिच्या दोन्ही टोकांचे कान बाजूंवर सुमारे १५० मिलिमीटर वर चढवावेत आणि पुढची कड खालच्या आवरणाच्या बाहेर लोंबू द्यावी. नंतर चौकट बसवून बाजूंच्या पट्ट्या तळाच्या पट्टीवर आणि माथ्याची पट्टी बाजूंच्या पट्ट्यांवर येईल अशा चिकटवाव्यात. माथ्यावरचे आवरण आधीच तिरके कापून वर दुमडून ठेवलेले असावे. माथ्याची पट्टी आणि तिच्यावरचा ठिबकपत्रा बसल्यावर ते खाली सोडून कापलेल्या तिरक्या रेघा चिकटवाव्यात. खिडकीच्या खालच्या कडेला मात्र सिलिकॉन भरू नये. चारही बाजू बंद केल्याचे समाधान मिळते खरे, पण चौकटीच्या कोपऱ्यातून शिरलेले पाणी त्या सिलिकॉनमुळेच आत अडकते.

पाइप, वायर आणि एअर कंडिशनरच्या नळ्या भिंतीतून जातात तिथे त्यांचा उतार बाहेरच्या बाजूला असावा आणि आवरणाला पडलेल्या भोकाभोवती आधी खालचा, मग बाजूंचा, मग वरचा तुकडा चिकटवावा. एअर कंडिशनरचे ठिबकणारे पाणी पोकळीत सोडलेले मी स्वतः पाहिले आहे. तसे कधीही करू नये. पडवीचे छप्पर भिंतीला जिथे टेकते, तिथे उतारावरून येणारे पाणी भिंतीपासून दूर फेकणारा वाकवलेला पत्रा खालच्या टोकाला अवश्य लावावा.

आता रिपा. २० ते २५ मिलिमीटर जाडीच्या, वाळवीप्रतिबंधक प्रक्रिया केलेल्या लाकडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या रिपा उभ्या माराव्यात. वर आडव्या फळ्या किंवा बोर्ड येणार असतील तर एवढे पुरते. उभ्या फळ्या किंवा पत्रे असतील तर त्यांना आडव्या रिपा लागतात, पण त्या थेट आवरणावर मारल्या की प्रत्येक रिपेवर पाणी अडते; म्हणून आधी उभ्या आणि त्यांच्यावर आडव्या असा दुहेरी सांगाडा करावा. लाकडी फळ्यांना मागच्या बाजूनेही रंग किंवा तेल लावून ते पूर्ण सुकू द्यावे. कच्च्या लाकडातून उतरणारा अर्क आणि साबणाचे पाणी यांनी आवरणाची पाणी झटकण्याची शक्ती कमी होते, म्हणून बसवताना मळलेले आवरण साबणाने धुऊ नये.

पोकळीचे खालचे तोंड उघडे ठेवून त्याला बारीक जाळी लावावी, नाहीतर पाली आणि गांधीलमाश्या मुक्कामाला येतात. वरचे तोंडही वळचणीखाली जाळी लावून थोडे उघडे असावे, म्हणजे हवा खालून वर वाहते. आवरण ज्वालाग्राही असल्याने स्वयंपाकघराच्या धुराड्यापासून आणि मीटरच्या पेटीपासून ते दूर थांबवावे.

भिंतीच्या आतल्या बाजूविषयी एक खबरदारी घ्यावी लागते, कारण या विषयावरची बरीच माहिती थंड देशांतून येते. तिकडे उबदार घरातले बाष्प बाहेर जाऊ पाहते, म्हणून भिंतीच्या आतल्या अंगाला प्लॅस्टिकचा थर घालायला सांगतात. आपल्याकडे बाहेरची हवा गरम आणि दमट, तर एअर कंडिशनर लावलेली खोली थंड. बाष्प बाहेरून आत ओढले जाते. आतून प्लॅस्टिक, व्हिनाइलचा वॉलपेपर किंवा ऑइल पेंट असेल तर ते बाष्प त्याच्या मागे थंड होऊन पाणी बनते. भिजलेल्या दगडी लाद्यांवर पाऊस उघडल्यानंतर ऊन पडते, तेव्हा हा ओढा सर्वांत जोरात असतो. तेव्हा आतून श्वास घेऊ देणारा रंग द्यावा, आणि लाद्यांच्या मागे हवा खेळती पोकळी ठेवल्याशिवाय आवरणावर लाद्या चिकटवू नयेत.

आच्छादनाने भिंत पूर्ण झाकण्यापूर्वी एक चाचणी घ्यावी. खिडकीच्या माथ्यावर, आवरणाच्या बाहेरून, तांब्याने हळूहळू दोन-तीन लिटर पाणी ओतावे आणि ते जोत्याच्या पत्र्यावरून बाहेर ठिबकते का ते पाहावे. मध्येच कुठे अडत असेल तर तो जोड उघडून पुन्हा करावा. पहिल्या पावसाळ्यात मोठी झड येऊन गेल्यावर खालच्या जाळीपाशी जाऊन बघावे. पाणी दिसले तर घाबरू नये, ते बाहेर येत आहे. नंतर दरवर्षी ऑक्टोबरात जाळीतला पालापाचोळा आणि कोळ्यांची जळमटे काढावीत, आणि फुलझाडांच्या वाफ्यांची माती वाढत जाऊन जोत्याचा पत्रा झाकू लागली असेल तर ती खरवडून खाली आणावी.